‘पाय ओले’चा रकाना

पूर ओसरल्यावर पुलाच्या खांबाला काय काय अडकलेलं असतं, बघितलंय कधी? पाला, काटक्या, कुणाची साडी, फुटकी बादली, एका पायाची चप्पल. कुणी मुद्दाम आणून ठेवत नाही, पण खांब उभा असला की साठतंच. किस्स्यांचंही तसंच. आमच्या ऑफिसात मी बारा वर्षं उभी आहे, त्यामुळे माझ्यापाशी बरेच साठलेत. कुणी पाहुणा आला की निकमसाहेब म्हणतात, "बाई, तो द्राक्षांचा सांगा. तो कोथिंबिरीचा सांगा." मी सांगते, लोक हसतात. एक मात्र मी दर वेळी गाळते. आज तोही सांगणार आहे, पण त्याच्या नंबरावर. मध्येच विचारू नका.

आमचं ऑफिस गंगापूर रोडला, चष्म्याच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. आम्ही नदी कॉम्प्युटरात घालतो. पात्राची खोली, काठाची उंची, पूल, बंधारे, सगळं मोजून आत भरायचं. मग धरणातून सोडतात तसं वरून पाणी सोडायचं आणि कुठल्या गल्लीत किती चढतं ते बघायचं. पडद्यावर निळं पाणी सरकत जातं. पहिल्यांदा बघणारा माणूस आपली गल्ली शोधायला लागतो.

माझं शिक्षण सातवी. नवरा गेल्यावर त्याच्या जागी सरकारी ऑफिसात शिपाई म्हणून लागले आणि ट्रेसर म्हणून निवृत्त झाले. साहेबांनी काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईनं गिरवायचा, ते ट्रेसरचं काम. मला कुणी शिकवलं नाही. ट्रेसर रजेवर गेला की मी त्याच्या टेबलावर बसायची. निकमसाहेब तेव्हा नवे इंजिनिअर होते. त्यांच्या नकाशातल्या चुका मी गिरवता गिरवता गुपचूप दुरुस्त करायची. म्हणून त्यांनी स्वतःचं ऑफिस काढलं तेव्हा जुने नकाशे वाचायला मला बोलावलं. नकाशे दोन महिन्यांत संपले. मी कॉम्प्युटर शिकले आणि तिथंच राहिले.

*

मॉडेल चालवते ती मृणाल. एम.टेक. झालेली, डोक्यानं तल्लख. पहिल्या दिवशी मला "मावशी" म्हणाली. मी म्हटलं, मला तुझ्या आईची बहीण व्हायचं नाही, बाई म्हण. त्या दिवसापासून बाई.

तिनं मला नदी दाखवली. पात्र दिसलं, पूल दिसले, झाडं काही दिसेनात. झाडं कुठायत म्हणून विचारलं, तर तिनं एका चौकोनावर बोट ठेवलं. चौकोनात आकडा: पॉइंट वन. मी चक्रावले की माझ्या तोंडात माहेर येतं, सटाण्याकडचं. म्हटलं, "हाई काय शे?"

तिनं समजावून सांगितलं. कॉम्प्युटरात झाड नसतं, त्याचा खरखरीतपणा असतो. झाडी पाण्याला किती अडवते त्याचा आकडा. मोकळी वाळू असली तर लहान, गवत असलं तर जरा मोठा, दाट झाडी असली तर सगळ्यांत मोठा.

"म्हणजे हा उंबर?"

"हो."

"आणि ही बाभूळ?"

"तीही पॉइंट वन."

"मग उंबरात आणि बाभळीत फरक काय राहिला?"

"पाण्याला काही फरक पडत नाही, बाई."

"तू पाण्याला विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आली. त्यात परदेशातल्या नद्यांचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली आकडा. आपली नदी ज्या फोटोसारखी दिसेल त्याचा आकडा उचलायचा, अशी पद्धत. मी दुपारभर पानं उलटली. स्वच्छ नद्या, नीटनेटकी झाडं, काठाला कापल्यासारखं गवत.

शेवटी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "इतक्या नद्या, आणि एकीतही म्हैस नाही?"

त्या दिवसापासून आमचं जमलं.

*

आता द्राक्षांचा. विंचूरकडच्या एका नाल्याचं काम होतं. मृणालनं उपग्रहाचा फोटो घेतला, त्यात नाल्याच्या कडेला हिरवागार गच्च पट्टा दिसला. तिनं दाट जंगलाचा आकडा टाकला. मॉडेल चालवलं तर पाणी तुंबून थेट वस्तीत शिरलं. रिपोर्ट तयार झाला. मी म्हटलं, विंचूरला जंगल? मला एकदा नेऊन दाखवा.

गेलो. जंगल कसलं, द्राक्षाची बाग. जुन्या पद्धतीचा मांडव, वर पानांचं छप्पर आणि खाली खांब न् खोडं, बाकी सगळी मोकळी जमीन. मी बुटकी, ताठ चालत गेले. मृणाल कमरेत वाकून माझ्यामागून. शेतकरी आमच्याकडे बघत उभा. मृणालनं त्याला विचारलं, पूर आला की या पानांमुळे पाणी किती अडतं?

तो म्हणाला, "ताई, पाणी काय द्राक्षं खायला वर चढतं का?"

दुसऱ्या दिवशी मी आमच्या तक्त्यात एक नवा रकाना घातला. नदीकाठच्या प्रत्येक तुकड्याला तक्त्यात एक ओळ असते: जागेचं नाव, कोणती झाडं, आकडा. त्याच्या पुढं माझा रकाना, नाव ‘पाय ओले’. जो कोणी त्या जागी स्वतः जाऊन, पाण्यात उतरून, खोडांना हात लावून आला, त्यानं तिथं आपलं पहिलं अक्षर लिहायचं. अक्षर नाही तर आकडा नाही.

रकाना मराठीतच राहणार हे मी बजावलं. निकमसाहेब म्हणाले, बाई, क्लाएंटला काय कळणार? मी म्हटलं, क्लाएंटला पाठवताना तेवढा लपवा. तो आपल्यासाठी आहे.

नंतर एकदा मृणालनं घाईत एका ओळीत ‘मृ’ लिहिलं आणि ती तिथं गेलीच नव्हती. पुलावरून बघितलं होतं म्हणे. मी ती ओळ सगळ्यांसमोर खोडली. "पुलावरून नदी बघणं म्हणजे खिडकीतून लग्न बघणं," म्हटलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं नाही तेव्हा. आता वाटतं.

*

कोथिंबिरीचा किस्सा आमच्या नाशिकचाच. शहरातल्या पात्राचं मॉडेल होतं. इथं पुराचं माप काय, तर दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, लहान पोरंही असंच सांगतात. आम्हीही मॉडेल तपासायला मारुतीच धरला. मागच्या पुरात पाणी कमरेपर्यंत आल्याचे लोकांच्या मोबाइलात फोटो होते. आमचं मॉडेल म्हणत होतं, गळ्यापर्यंत.

मृणालनं आठवडाभर डोकं फोडलं. धरणाचे आकडे तपासले, पुलांची मापं तपासली. सगळं बरोबर, तरी मारुती गळ्यापर्यंत बुडालेला. शेवटी तिनं मला फोटो मोठा करून दाखवला. पात्रात अगदी घाटाला लागून हिरवे ठिपके. तक्त्यात ओळ नसताना कॉम्प्युटरनं आपणच रंग ओळखून तिथं झाडी लावून टाकली होती.

मी फोटोची तारीख विचारली, वार काढला. बुधवार.

बुधवारचा बाजार! घाटावर भाजीवाल्या बसतात, त्यांच्या हिरव्या ताडपत्र्या, हिरव्या जाळ्या, मेथी-कोथिंबिरीचे ढीग. आमच्या कॉम्प्युटरनं आख्खा बाजार जंगल म्हणून मुळासकट रोवला होता, आणि त्या कोथिंबिरीनं गोदावरी अडवून मारुतीला गळ्यापर्यंत बुडवलं होतं.

नियम तो नियम. पुढच्या बुधवारी मृणाल आणि मी त्या तुकड्यात पाय ओले करायला गेलो. एका म्हातारीकडून दोन जुड्या घेतल्या आणि तिला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. ती जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली.

"पूर आला का आम्ही उठून जातो, बाई," ती म्हणाली. "झाडासारखं उभं नाय ऱ्हात."

हा किस्सा मी हसायला म्हणून सांगते. ते शेवटचं वाक्य मात्र आजकाल सांगत नाही.

*

पाणकणसाचाही सांगते. नदीच्या एका पसरट जागी पाणकणीस माजलं होतं, माणसाच्या वर, टोकाला तपकिरी कणसं. मी स्वतः आत घुसले. हातभर अंतरावरचं दिसेना, पाय काढता येईना. बाहेर आले तेव्हा एक चप्पल आतच राहिली होती. म्हटलं, इथून पाणी जातंय कशाला! भरभक्कम आकडा टाकला आणि पुढं ऐटीत ‘व’ लिहिला, वत्सलाचा.

पाऊस लागला, धरणातून पाणी सुटलं. निकमसाहेब पुलावर उभे राहून बघत होते, तिथून फोन आला.

"बाई, तुमचं जंगल झोपलं."

खरंच झोपलं होतं. मी जाऊन बघितलं तर तेल लावून विंचरलेल्या केसांसारखं सगळं पाणकणीस तळाला चपटं, आणि वरून पाणी सुसाट. फोनवर मात्र मी माघार घेतली नव्हती. म्हटलं, "झोपलं नाही साहेब. पुलावर तुम्ही उभे आहात ना, नमस्कार करतंय."

पण मी शिकले. गवताचा आकडा एक नसतो. पाणी चढेल तसा तो बदलतो. मृणालनं पाणी वाढेल तसा आकडा उतरेल असं गणित बसवलं आणि त्याला आमच्यात ‘नमस्कार’ असं नाव पडलं. "बाई, इथं नमस्कार लावू का?" असं ती विचारायची. झाडांना तो लावायचा नाही. झाड ताठ राहतं.

मीही ताठच. माझी त्याबद्दल ख्याती आहे. बारा वर्षांत माझं कुणी चुकीचं दाखवलं नाही, आणि दाखवलं तेव्हा मी कबूल केलं नाही.

*

आता जनाक्का. ही माझी थोरली नणंद. शहराच्या खाली, गोदावरीच्या एका वळणावर तिचं सासर. शेवंती, झेंडू, वांगी, मिरच्या, रोज पहाटे माल मार्केटला. माझा नवरा गेला तेव्हा माझ्या पोरांना महिनाभर तिनं जेवू घातलं होतं. हे मी विसरले नव्हते. पण तीही कधी विसरू द्यायची नाही.

भाच्याचा, म्हणजे तिच्याच धाकट्या मुलाचा साखरपुडा होता. मी ऑफिसातून थेट गेले, हातात नकाशांची गुंडाळी. पाहुण्यांत कुणीतरी विचारलं, या काय करतात? मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात आक्का म्हणाली, "आमची वत्सला झाडं मोजती. कागदावरची. खऱ्या झाडाखाली उन्हाचं बसायची तिला सवय नाय."

लोक हसले. मीही हसून सोडून द्यायला हवं होतं.

मी म्हटलं, "आक्का, कागदाचं तू बोलू नको. तुला कागद सरळ धरलाय का उलटा, तेही कळत नाही."

कुणी हसलं नाही. आक्काला वाचता येत नव्हतं, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजवर कुणी तोंडानं म्हटलं नव्हतं. तिनं हातातलं कुंकवाचं ताट जावेकडे दिलं आणि आत गेली. मी जेवण न करता निघाले.

पुढं तीन वर्षं आम्ही बोललो नाही. ती आली नाही, मी गेले नाही. तिनं आधी बोलावं असं मला वाटायचं. तिला काय वाटायचं ते मी विचारलं नाही.

*

त्यातच शहराच्या खालच्या पात्राचं काम आलं. वरच्या गावात दर पुराला पाणी शिरतं, त्यावर उपाय सुचवायचा होता. काठाचे तुकडे आम्ही वाटून घेतले. माझ्या वाटणीच्या शेवटच्या तुकड्याला मी नाव दिलं ‘जनाक्काचा काठ’.

त्या काठावर करंजांची रांग होती, आक्काच्या सासऱ्यानं लावलेली. जागा नदीच्या हद्दीतली, कागदोपत्री त्यांची नव्हे. मी सकाळपासून सगळे तुकडे फिरले, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. एकच राहिला. गाडी वळणाशी आली. वर तिच्या घराचे पत्रे दिसत होते, दोरीवर लुगडं वाळत होतं. काठावर उतरायची वाट तिच्या अंगणाच्या कडेनंच जाते.

मी ड्रायव्हरला म्हटलं, परत फिरव. हे मला माहितीय, माझ्या नणंदेचं रान आहे.

त्या रानात मी शेवटची काठापर्यंत उतरले होते त्याला बरीच वर्षं झाली होती.

ऑफिसात फोटो उघडला. हिरवा गच्च पट्टा, मध्ये फट म्हणून नाही. मी दाट झाडीचा आकडा टाकला, सगळ्यांत मोठा. पुढच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता. मी ‘व’ लिहिला.

मृणालनं विचारलंही होतं, "बाई, इथं जाऊन आलात ना?"

"माझ्या सासरच्या माणसांची जागा आहे," मी म्हटलं. "तू मला विचारतेस?"

ती ओशाळली. मॉडेल चाललं. वळणावर झाडी पाणी अडवते, पाणी मागं तुंबतं आणि वरच्या गावात चढतं, असं निघालं. काठ साफ केला तर गावातलं पाणी चार बोटं उतरेल. चार बोटं. रिपोर्टात ते मीटरमध्ये लिहिलं होतं, त्यामुळे भारदस्त दिसत होतं. काम देणारे साहेब म्हणाले, वत्सलाबाईंनी स्वतः बघितलंय म्हणजे प्रश्नच नाही.

उन्हाळ्यात करंज तोडले. मला भाच्यानं फोन करून सांगितलं. मी म्हटलं, गावाच्या भल्यासाठी आहे रे. तो हो म्हणाला आणि फोन ठेवला.

*

त्याच पावसाळ्यात पूर आला आणि वळणावरचा काठ गेला. सावकाश नाही गेला. भाचा सांगत होता, सकाळी शेवंतीच्या दोन सऱ्या गेल्या, दुपारी विहिरीचा कठडा गेला, संध्याकाळी जिथं मिरच्या होत्या तिथून नदी वाहत होती. आमच्या आकड्याला पाणी अडवता येत होतं. काठाची माती धरून ठेवायला मुळं नव्हती त्याला.

पाणी उतरल्यावर मी गेले. या वेळी अंगणातूनच गेले. आक्का घरात होती. दाराआडून तिच्या बांगड्या वाजल्या, बाहेर कुणी आलं नाही. भाचा मला काठावर घेऊन गेला. काठ म्हणजे उभा कापलेला मातीचा कडा, आणि मागच्या बाजूला चार-दोन बुंधे राहिलेले.

मी म्हटलं, झाडी फार गच्च होती रे इथं.

"गच्च?" तो म्हणाला. "मामी, गच्च कुठं? खालच्या फांद्या आई राखूच द्यायची नाय. डोक्याच्या वर हातभर खोड साफ. खाली रोज झाडायची, अंगणासारखं. वर तिनं या झाडावरून त्या झाडावर तारा बांधल्या होत्या, त्यावर दोडका आन् गिलकं. तो सगळा पाला वरच्यावर. पुराचं पाणी खालनं यायचं, खोडाखोडांमधनं निघून जायचं, गाळ ठेवून. आई म्हणायची, पाहुणा हाय, चपला काढून येतो."

मी एका बुंध्यावर बसले.

द्राक्षांचा किस्सा मी त्यालाही सांगितला होता. त्याच्याच साखरपुड्यात, भांडणाच्या आधी. पाणी काय द्राक्षं खायला वर चढतं का. तोही हसला होता. त्याला त्या दिवशी तो आठवला की नाही, कोण जाणे. मला आठवला.

निघताना त्यानं आणखी एक सांगितलं. आई आता पेपर वाचते. नातीची अंकलिपी घेऊन बसायची, साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसापासून. बोट ठेवून वाचते, हळू, पण आख्खा वाचते.

*

ऑफिसात येऊन मी खरा आकडा टाकला. साफ खोडं, झाडलेली जमीन, पाला वर. जुनं मॉडेल, करंज उभे असलेलं, पुन्हा चालवलं. वरच्या गावातलं पाणी चार बोटं कशाचं, एक बोटभरही उतरत नव्हतं. झाडं तोडली काय आणि ठेवली काय, गावाला सारखंच होतं.

मी निकमसाहेबांना सांगितलं की आकडा चुकला. कसा चुकला ते सांगितलं नाही. ते म्हणाले, बाई, एवढ्या वर्षांत एक चुकला, मनाला लावून घेऊ नका. कळवायचं तिथं कळवलं त्यांनी. मृणालनं विचारलं, "पण तुम्ही तर जाऊन आला होता, मग दोडक्याचा वेल दिसला नाही?" मी म्हटलं, वय झालं.

चार दिवस जेवण जाईना. मग ठरवलं की आक्काला बोलवायचं आणि तोंडानं सांगायचं. रिपोर्टातून नाही, भाच्याच्या फोनवरून नाही. मी आले नाही, मी खोटं लिहिलं, एवढी दोन वाक्यं. भाच्याला म्हटलं, आईला एकदा ऑफिसात आण, झाडं दाखवते. येणार नाही असं वाटलं होतं.

ती आली. दुपारची वेळ होती. जिना चढून दमली होती, पदरानं तोंड पुसलं आणि मृणालनं दिलेल्या खुर्चीत बसली. माझ्याकडे बघितलं नाही. भाचा खाली गाडीपाशी थांबला.

मी मॉडेल लावलं. पडद्यावर वळण आलं, काठावर हिरव्या गोलांची रांग; या वेळी एक चौकोन न ठेवता मी एकेक करंज वेगळा मांडला होता. तिनं विहिरीवरून जागा ओळखली. मग निळं पाणी आलं, रांगेपाशी पोचलं आणि एकेका झाडामधून वाट काढत पलीकडे गेलं. आक्का पुढं झुकली.

"असंच जायचं," ती म्हणाली. तीन वर्षांतलं पहिलं वाक्य, तेही पडद्याशी. "परत दाव."

मी परत लावलं. तिनं चार वेळा बघितलं. दर वेळी पाणी पहिल्या झाडापाशी आलं की तिचा हात मांडीवर थोडा उचलला जायचा.

मी मनाशी म्हटलं, आता. तिला जुना आकडा दाखवायचा आणि सांगून टाकायचं, म्हणून करंज तोडायच्या आधीचा तक्ता उघडला. मृणाल तेवढ्यात चहा घेऊन आली. आक्कानं चष्मा लावला, खुर्ची पुढं ओढली आणि बोट थेट पडद्यावर ठेवलं.

"ज-ना-क्का-चा का-ठ," तिनं वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण वाचलं माझ्यासाठीच. बोट पुढं सरकलं. "क-रं-ज." आकडा तिनं सोडून दिला. पुढच्या रकान्यावर थांबली, वर जाऊन त्याचं नाव वाचलं, परत खाली आली.

"पाय ओले. व." मग मृणालला विचारलं, "हे काय गं?"

मी तोंड उघडलं होतं. मृणाल कप ठेवता ठेवता सहज म्हणाली, "व म्हणजे आमच्या वत्सलाबाई. जो त्या जागी स्वतः जाऊन पाण्यात उतरून येतो ना, त्याचंच अक्षर तिथं लिहितात. बाईंचाच नियम आहे."

आक्कानं बोट काढलं नाही. मग चष्मा काढून माझ्याकडे वळली.

"करंज होते तेव्हा आली होतीस?"

मृणाल माझ्याकडे बघत होती. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता.

"खाली नदीवर येऊन गेलीस, आन् वर नाय आलीस." आक्का म्हणाली. "यायचं ना गं. मी बोलले नसते. पण चहा टाकला असता."

तिनं आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढं सरकवली.

"घे," म्हणाली. "तेव्हाचा राहिला तुझा."